कोहळ्याच्या फुलाकडे चालत

मी एसटीत कंडक्टर आहे. सतरा वर्षं मेडशी, मालेगाव, वाशीम, अकोला याच रस्त्यांवर उभ्याने नोकरी केली. गाडी वळणावर कितीही कलंडली तरी दांडा न धरता तिकीट देणारी बाई म्हणून लोक मला ओळखायचे, आणि खरं सांगते, मला त्याचा थोडा तोराही होता. ती बाई गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्वतःच्याच घराच्या जिन्यावरून पडली.

गच्चीवर सांडगे वाळत घातले होते. वावटळ उठली म्हणून धावत वर गेले, परात उचलली आणि उतरताना लोखंडी जिन्यावर पाय सुटला. डाव्या घोट्याच्या वरचं हाड दोन ठिकाणी मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली, आणि मी मेडशीच्या घरात मागच्या खोलीत पलंगावर येऊन पडले. घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेलेली. नवऱ्याचं मालेगावात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ते सकाळी भाकरी-भाजी करून, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून जायचे आणि संध्याकाळी यायचे. मधला सगळा दिवस माझा आणि भिंतीवरच्या पालीचा.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता वॉकर घेऊन रोज चालायचं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन वॉकर कोपऱ्यात ठेवून दिला. न्हाणीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. पाऊल टेकलं की जिन्यावरचा तो क्षण पायातून वर चढायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याने विचारलं की मी म्हणायचे, "आज चालली थोडीशी." ते माझ्याकडे बघायचे आणि मग कोपऱ्यातल्या वॉकरकडे.

जून लागला त्या आठवड्यात दुपारी दारात हाक आली.

"कंडक्टर बाई, हायेस का घरात?"

भाजीवाली मावशी होती. गावाबाहेर विहिरीच्या काठाला त्यांचं दीड एकर रान आहे. ती, तिचा नवरा आणि दोन सुना मिळून त्यात भाजीपाला काढतात, आणि बाजाराच्या दिवशी मावशी टोपल्या घेऊन माझ्या गाडीने मालेगावला जायची. साठीच्या पुढची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमची ओळख गाडीपुरतीच. आणि तीही काही फार गोड नव्हती. एकदा तिची टोपली दारातच अडकली होती, मागे माणसं खोळंबली होती, आणि मी भरल्या गाडीत तिच्यावर ओरडले होते, "हा काय ट्रक हाये का?" ती टोपली मांडीवर घेऊन बसली आणि मालेगावपर्यंत तशीच गेली.

तीच मावशी आता कोथिंबिरीची जुडी घेऊन माझ्या पलंगाशी जमिनीवर बसली होती. मला लाजल्यासारखं झालं.

"मावशी, म्या तुमाले एकदा गाडीत लय बोलली होती," मी म्हटलं.

"याद हाय ना," ती म्हणाली. "वांगे मांडीवर घेऊन गेली होती मी. पन त्या दिवशी सारेच्या सारे वांगे विकल्या गेले बाप्पा." आणि ती मोकळी हसली. मग उठून मागचं दार उघडलं आणि बाहेर बघत म्हणाली, "एवढी जागा पडीत काहून ठेवली?"

मागे खरोखरच जागा होती. घर बांधलं तेव्हाचे विटांचे तुकडे, मुरूम, गाजरगवत, आणि कुंपणाला टेकवलेला जुना दरवाजा. नोकरीतून कधी तिकडे बघायला वेळ झाला नव्हता.

"मले धड उभं राह्यता येत नाई," मी म्हटलं. "पानी कोन घालीन? निंदन कोन करीन?"

"ज्याचे रोज लाड करा लागते थे लावूच नको. आपल्या मनानं वाढते असं लाव. तुले फक्त पाह्याचं काम."

दोन दिवसांनी ती विळा आणि कुदळ घेऊन आली. पदराच्या गाठीत बियाण्याची पुरचुंडी होती. तिने गाजरगवत उपटलं, शेणखताची पाटी तिच्या सुनेकडून आणवली, आणि आळी केली. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. ती बी हातावर घेऊन मला दाखवायची आणि मग मातीत टाकायची. कुंपणाला दोडका आणि वाल. मोकळ्या जागेत कोहळं, म्हणजे लाल भोपळा. बाजूने बरबटी, म्हणजे चवळी. मध्ये अंबाडी. आणि कोपऱ्यात शेवग्याची हाताएवढी जाड फांदी, नुसती खोचून दिलेली.

"ही काठी जगन?" मी विचारलं.

"मरून दाखव म्हना तिले," मावशी म्हणाली.

फुटक्या माठाचा खालचा भाग तिने पाण्याने भरून कुंपणाशी ठेवला, पाखरांसाठी. गवताचा एक पट्टा तिने मुद्दाम काढला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बेडूक कुठी राहीन मंग? त्याले बी घर लागते का नाई?"

ती गेल्यावर मी बराच वेळ दारात बसून राहिले. मातीत काहीच दिसत नव्हतं. तरीही दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले, आणि तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी बरबटीने माती फोडून मान वर काढली, आणि मी नवऱ्याला दुकानात फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि मागे कोणाला तरी पाना आणायला सांगू लागले. पण संध्याकाळी आल्यावर चप्पल न काढता थेट मागे गेले.

पुढचा दीड महिना वेलींनी मला काहीच काम दिलं नाही. पाऊस पडत होता, त्या वाढत होत्या. कोहळ्याची पानं सुपाएवढी झाली. मुरुमाचे ढीग, विटा, जुना दरवाजा, सगळं त्या पानांखाली गेलं. वेल कुठे चालली आहे हे बघण्यात माझा दिवस जायला लागला. अंबाडीची भाजी तीनदा झाली. पानांखाली एक मोठा करडा बेडूक राहायला आला. तो पाऊस थांबला की माठाच्या तुकड्याशी येऊन बसायचा आणि मी त्याच्याशी बोलायचे. हसू नका, पण दिवसभर कोणी नसलं की माणूस बोलतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला बरबटीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडला. दोन दिवसांत शेंडे चिकट झाले, पानं आकसली. मी घाबरले. एवढ्या दिवसांत काहीतरी माझं असं वाढलं होतं आणि ते डोळ्यांदेखत जाणार असं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, "येतानी दवाई घेऊन या." त्यांनी मालेगावातून बाटली आणि फवारणीचा पंप आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी पंप पाठीवर घेऊन त्यांनी बरबटीवर मारलं, आणि उरलेलं दोडक्यावर, वालावर, कोहळ्यावरही. "सारंच साफ होऊन जाईन," ते म्हणाले. कोहळ्याची फुलं तेव्हा पूर्ण उमललेली होती.

मावा गेला. आणि तासाभराने उंबऱ्यापर्यंत आलेल्या वेलीवर कोहळ्याच्या एका फुलात मला तीन मधमाश्या दिसल्या, पाय वर करून पडलेल्या. दुसऱ्या फुलात आणखी एक. खाली मातीत लाल पाठीवर काळे ठिपके असलेले छोटे किडे पडले होते, दहा-बारा तरी. दारातून मी रोज जी गुणगुण ऐकत होते ती बंद झाली होती. ती चालू असताना ऐकू येत होती असं मला कधी वाटलंच नव्हतं. थांबल्यावर कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कोहळ्याला लिंबाएवढी फळं धरायची, पिवळी पडायची आणि गळून जायची. दोडक्याचं तेच. रोज सकाळी वेलीखाली तीन-चार पडलेली.

एक दिवस मावशी सकाळीच आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून मी वाटच बघत होते. पण ती वाकली, मातीतला एक मेलेला ठिपकेवाला किडा उचलून तळहातावर ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"हा मावा खाते," ती म्हणाली. "चार-आठ दिवस थांबली असती तं यानंच सारा खाऊन टाकला असता. तुई फौज होती ही."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मावशी, मले कुठी काय माहीत होतं?"

"मंग रडतं काहून? माहीत नव्हतं, आता झालं." ती उठली. "ऊठ. इकडं ये."

"कुठी?"

"त्या फुलापाशी."

"मले नाई जमत."

"तुया पायाले धरून आनू का मी? त्यो वॉकर कायले आनला मंग?"

मी वॉकर घेतला. दारापासून त्या फुलापर्यंत नऊ पावलं होती. ती मला अजून मोजता येतात. पहिली तीन मी डोळे मिटून टाकली. मावशी पुढे उभी होती, हात पुढे न करता. मी पोचले तेव्हा कपाळावरून घाम गळत होता. तिने काहीच कौतुक केलं नाही. एक फूल तोडलं, बारीक उंच देठाचं, त्याच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि मधला पिवळ्या भुकटीने माखलेला दांडा उरला.

"हा नर," ती म्हणाली. मग दुसऱ्या फुलाच्या देठाशी असलेलं बोराएवढं कोहळं दाखवलं. "ही मादी. माशा नाई तं हे काम आता तुले करा लागन." आणि तिने तो दांडा त्या फुलाच्या पोटात हलकेच फिरवला. "आता तू कर."

मी दुसऱ्या फुलावर केलं. बोटं पिवळी झाली.

"कोहळ्याचं फूल सकाळी उमलते आन् ऊन वर आलं का मिटते," मावशी म्हणाली. "दोडक्याचं दुपार कलल्यावर उमलते. दोन टाइम या लागन तुले." आणि ती टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली.

त्या दिवसापासून मी दोन वेळा बाहेर पडू लागले. दुसरं कोण करणार होतं? नवरा सकाळी भाकरी थापत असायचा. फूल माझ्यासाठी थांबणार नव्हतं. पहिल्या आठवड्यात दारापाशीची दोन-चार फुलंच हाताला लागायची. पण वेल काही माझ्या सोयीने वाढत नव्हती, मादीचं फूल कधी कुंपणाशी, कधी शेवग्याच्या काठीपाशी. नऊ पावलांची चौदा झाली, चौदाची वीस. पाऊल मातीत टेकताना मी पायाकडे नाही, फुलाकडे बघायला लागले, आणि जिन्याची भीती केव्हा कमी झाली ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी दोडक्याच्या फुलांशी उभी असले की करड्या पंखांचे पतंग यायचे, फुलापुढे हवेत स्थिर थरथरत लांब सोंडेने रस प्यायचे. मी तेव्हा हात मागे घ्यायचे. त्यांचं काम त्यांना करू द्यायचं.

नवऱ्याने पंप धुऊन वरच्या माळ्यावर टाकून दिला. एकदाच म्हणाले, "फुलं उमलली होती, तवा तरी पाह्याले पाह्यजे होतं म्या."

सप्टेंबरमध्ये माझ्या हाताने धरलेलं पहिलं कोहळं पिवळं न पडता वाढलं. मग दुसरं. वॉकर सुटून हातात काठी आली. एक दिवस सकाळी मी नराचं फूल सोलून मादीच्या फुलाशी वाकले, तर आत आधीच एक मधमाशी होती. सबंध अंगाला पिवळी भुकटी लागलेली. ती निवांत फिरत होती. मी तशीच वाकून उभी राहिले. पलीकडच्या फुलात आणखी दोन होत्या. मी हातातलं फूल खाली ठेवलं आणि मावशीला फोन लावला.

"आल्या," मी म्हटलं.

"कोन?"

"माशा. परत आल्या, मावशी."

"मंग आता तुई गरज नाई तिथं," ती म्हणाली. "बस आराम करत."

पण मला आता बसवत नव्हतं. काम नसलं तरी मी दोन वेळा फेरी मारायचे.

त्याच महिन्यात नवऱ्याला दोडके तोडताना दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसली. आत कापसाचं बोटभर घरटं, आणि त्यात तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. शिंपी पक्ष्याचं घर. दिवसभर मोटरसायकलींची इंजिनं उघडणारा हा माणूस ते टाके बघून दहा मिनिटं तिथेच उभा राहिला. मग त्याने कुंपणाच्या त्या बाजूला सुतळी बांधली. "इकडचे दोडके कोनी तोडाचे नाई," मला बजावलं. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या बाजूचे दोडके वेलीवरच जून झाले, वाळले, आणि त्यातलं बी आम्हाला पुढच्या वर्षासाठी मिळालं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाय सुजला होता. मागच्या दारात बसून मी तो बादलीत सोडला. वालाला तेव्हा जांभळा बहर आला होता आणि त्यावर काळे जाड भुंगे झोंबत होते. एकेक शेंडा त्यांच्या वजनाने खाली वाकायचा आणि ते उडाले की वर यायचा. त्या वेळेला मला जे वाटलं त्याला कृतज्ञताच म्हणावं लागेल. देवाची म्हणा, त्या बाईची म्हणा, त्या मुक्या जीवांची म्हणा. माझं हाड डॉक्टरांनी जोडलं, हे खरं. पण मला चालवलं यांनी.

दसऱ्याच्या सुमारास मावशीने मुळा आणि कोथिंबीर फेकली होती. "सारं उपटू नको," तिने आधीच सांगून ठेवलं होतं. "अर्धं फुलू दे." संक्रांतीच्या वेळी अर्धी कोथिंबीर कमरेएवढी वाढून पांढऱ्या बारीक फुलांनी भरली. त्यावर इतक्या जातींच्या माशा आणि किडे यायचे की त्यातल्या निम्म्यांची नावंही मला माहीत नाहीत. ठिपकेवाले किडेही त्यात होते. वालावर तसाच मावा दिसला तेव्हा मी हात लावला नाही. आठ दिवस काळजावर दगड ठेवून बघत राहिले. नवव्या दिवशी शेंडे स्वच्छ होते. शेवग्याच्या काठीलाही, खरंच, पहिला तुरा आला, आणि निळ्या चकाकत्या अंगठ्याएवढ्या शिंजीर पाखरांची जोडी त्या एका तुऱ्यावर दिवसातून दहादा यायला लागली.

मी एका रविवारी मावशीला जेवायला बोलावलं. ती येईना. "माया घरी काय भाजी नाई का?" म्हणाली. मग मीच काठी न घेता तिच्या रानापर्यंत चालत गेले आणि तिला घेऊन आले. ज्वारीची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी, मुळ्याची कोवळी शेंग ठेच्यासोबत, आणि पलंगाखाली जपून ठेवलेलं एक कोहळं कापून त्याची गुळातली गोड बोंडं तळली होती. नवऱ्याने पाट मांडला, पाणी दिलं. मावशी हात धुऊन ताटावर बसली आणि घास न घेता ताटाकडे बघत राहिली.

"काय झालं, मावशी?"

"काई नाई." तिने पदराने तोंड पुसलं. "आखी जिंदगी लोकाइले भाजी देल्ली. आपल्या हातानं पिकवून मले कोनं खाऊ घातली नवती आजवर."

मग तिने शेंगेचा घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं." आम्ही हसलो. तिने तीन भाकरी खाल्ल्या आणि बोंडं पदरात बांधून नेली, सुनांसाठी.

आता दुसरं वर्ष चालू आहे. सकाळची ड्युटी असली की मी पहाटेच निघते, मागे बघायला होत नाही, आणि मागचं काही अडतही नाही. दोडका पडलेल्या बियांतून आपोआप उगवला. कोहळं यंदा शेजारच्या भिंतीवर चढलं आहे आणि शेजारीणबाई तिच्या बाजूची फुलं भाजीला तोडते, मी तिला फक्त एवढंच सांगितलं आहे की नर तोड, मादी राहू दे. मागच्या आठवड्यात तिने मला हाक मारून भिंतीवरून विचारलं, "या बिया मले बी देता का? अन् त्यो बेडूक कसा आनला तुमी?"

मी म्हटलं, बेडूक आणता येत नाही. थोडं गवत राहू द्या, आणि भिंतीशी पाणी ठेवा.